यादीतले लोखंड

इंदूरमधील एका बंद कापड गिरणीचे मूल्यांकन करण्यासाठी काही वर्षांपूर्वी मी तिच्या फाटकातून आत गेलो, तेव्हा माझ्या हातात गिरणी बंद झाल्यावर तयार केलेली मालमत्तेची यादी होती. गिरणीचे नाव मी येथे देणार नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एकाच गिरणीपुरते नाही. टंकलिखित पानांच्या त्या यादीत एकेक साचा (माग), एकेक मोटर, एकेक व्हॉल्व्ह क्रमांकासह नोंदलेला होता आणि प्रत्येक वस्तूसमोर तिची आजची स्थिती लिहायची, एवढेच माझे काम होते. पहिल्या दिवसाच्या अखेरीस शेऱ्याच्या रकान्यात ‘नॉट फाउंड’ हे दोन शब्द इतक्या वेळा लिहून झाले होते की पुढे मी नुसती ‘एन. एफ.’ ही अक्षरे लिहू लागलो. स्विचबोर्डाच्या खोलीत भिंतीवरच्या खुणांखेरीज काहीच उरले नव्हते. तेथल्या तांब्याच्या पट्ट्यांचे काय झाले, असे पहारेकऱ्याला विचारले तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, “साहब, चूहे ले गए.”

माझ्यासोबत परदेशीपुऱ्यात राहणारे एक काका असत. याच गिरणीत त्यांनी बावीस वर्षे फिटर म्हणून काम केले होते. मोकळ्या फरशीवरून कोणते यंत्र कोठे होते हे सांगू शकणारा माणूस मला हवा होता, आणि काका ते जमिनीतल्या बोल्टांच्या भोकांवरून ओळखत. एका ओळीत चार भोके दिसली की ते थांबत, चष्मा पुसत आणि साच्याचा क्रमांक सांगत. यादीशी पडताळून पाहिले तर तो बहुतेक वेळा बरोबर निघे. “पाय जपून टाक रे,” ते मला सारखे बजावत, कारण गटारांवरची बिडाची (ओतीव लोखंडाची) झाकणेही केव्हाच गेली होती आणि गवताखाली कोठे खड्डा असेल ते सांगता येत नव्हते.

एवढे धातू एखाद्या टोळीने दोन-चार रात्रींत नेले असावेत, अशी माझी समजूत होती. काकांनी ती दुरुस्त केली. अशा चोरीला क्रम असतो आणि तो भाव व वजन या दोन गोष्टींवर ठरतो. लोखंडी भंगाराच्या तुलनेत तांब्याला वीसपटीहून अधिक भाव मिळतो, आणि गुंडाळून पिशवीत टाकली की तार कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. म्हणून सर्वांत आधी वायरिंग आणि मोटरींमधील वेटोळी जातात. त्यामागोमाग पितळेचे नळ, गनमेटलचे (तांबे-कथलाच्या मिश्रधातूचे) व्हॉल्व्ह आणि बेअरिंगच्या अस्तराचा पांढरा मिश्रधातू जातो. मग बिडाची पाळी येते. बीड वजनाला भारी असले तरी ठिसूळ असते, त्यामुळे त्याला गॅस कटर लागत नाही. घणाचे चार घाव घातले की साच्याच्या चौकटीचे डोक्यावरून नेता येतील असे तुकडे होतात. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांत घडलेली, बोटीने मुंबईला येऊन पुढे रेल्वेने माळव्यात पोहोचलेली यंत्रे अशा तुकड्यांच्या रूपाने भिंतीच्या भगदाडातून बाहेर गेली. पोलादी गर्डर आणि बॉयलरचे जाड पत्रे शेवटी जातात, कारण त्यांना सिलिंडर, हातगाडी किंवा टेम्पो लागतो, म्हणजेच कोणाची तरी मूक संमती लागते. कोणत्या खात्यातून काय गेले आहे आणि काय अजून शिल्लक आहे हे पाहून, तेथील पहारा केव्हा सैल झाला असावा याचा अंदाज काका बांधत. माझ्या कागदपत्रांपेक्षा तो अंदाज मला अधिक विश्वासार्ह वाटे.

मूल्यांकक म्हणून मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते मात्र यंत्रांनी नव्हे, तर इमारतीने. जुन्या गिरण्यांचे छत करवतीच्या दात्यांसारखे असते. दोन दात्यांमधल्या पन्हळीत पावसाचे पाणी जमते आणि पुष्कळ ठिकाणी ते छताला आधार देणाऱ्या बिडाच्या पोकळ खांबांतूनच खाली उतरवलेले असते, म्हणजे एकच वस्तू खांबही असते आणि नळही. पन्हळीचा पत्रा ज्या दिवशी निघतो, त्या दिवसापासून पाणी लाकडी वाशांत आणि भिंतीच्या माथ्यात मुरू लागते, आणि मग तीन-चार पावसाळ्यांत ती भिंत चुन्यासकट भुगा होते. कचेरीच्या दुमजली इमारतीचे छत जॅक आर्चचे होते: गर्डरांच्या ओळी आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बुटक्या कमानी. अशा कमानी गर्डरांना आडव्या दिशेने बाहेर रेटत असतात. मधल्या गाळ्यांत दोन्ही बाजूंचा रेटा एकमेकांना तोलतो, पण शेवटच्या गाळ्याला पलीकडून कोणी नसते, म्हणून तेथे गर्डरांना बांधून ठेवणाऱ्या लोखंडी सळ्या घातलेल्या असतात. त्या बोटभर जाडीच्या सळ्या कोणीतरी हॅक्सॉने कापून नेल्या होत्या. एका सळईचे वजन फार तर दोन-तीन किलो भरले असते, म्हणजे शंभर रुपयांच्या आतबाहेरची ती कमाई होती आणि तिच्यापायी कचेरीचा उत्तरेकडचा पूर्ण गाळा खाली बसला होता. ती कापणारा त्या वेळी कमानीच्या खाली उभा होता की वर, हे मला कळले नाही. जिन्याच्या भिंतीला धरून मी बराच वेळ तेथे उभा होतो.

‘पडक्या इमारतीतले गंजके लोखंड, ते नेल्याने कोणाचे काय बिघडते’, हे वाक्य मी आमच्या शहरात सुशिक्षित माणसांकडूनही ऐकले आहे. ते ऐकले की मला कंपनी कायदा आठवतो. जुन्या म्हणजे 1956 च्या कंपनी कायद्यात 1985 साली कलम 529-अ घालण्यात आले आणि अवसायनात निघालेल्या, म्हणजे कायद्याने गुंडाळल्या जाणाऱ्या, कंपनीच्या मालमत्तेतून कामगारांची देणी ही तारण ठेवून घेणाऱ्या बँकांच्या बरोबरीने, इतर सर्वांच्या आधी फेडावीत, असे ठरले. याचा व्यवहारातला अर्थ असा की फाटकाला कुलूप लागल्यानंतर आतला प्रत्येक साचा, प्रत्येक व्हॉल्व्ह आणि प्रत्येक गर्डर हा थकलेल्या पगाराचा आणि ग्रॅच्युइटीचा तारण-माल होता. पहाऱ्याचा खर्चही पुन्हा त्याच मालमत्तेतून वजा होत होता. हुकुमचंद मिलची कथा इंदूरकरांना ठाऊक आहे. 1990 च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली, तिच्या 5,895 कामगारांचा दावा तीन दशकांहून अधिक काळ रेंगाळला आणि 25 डिसेंबर 2023 रोजी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला, तेव्हा त्या कामगारांपैकी कित्येक जण हयात नव्हते. तो पैसा अखेर जमिनीच्या व्यवहारातून उभा राहिला. यंत्रांच्या किमतीवर विसंबून राहिलेल्यांच्या वाट्याला काय आले असते, हे माझ्या यादीतील ‘एन. एफ.’ मोजले तरी कळते.

येथे एक गोष्ट लिहिणे मला अवघड जाते. हे लोखंड कोण नेत होते, असे मी एकदा काकांना विचारले. ते आधी काही बोलले नाहीत. नंतर चहा पिताना म्हणाले, “आमचीच पोरं होती रे काही. बाप घरी बसलेला, घरात दाणा नाही. पोरगा रात्री भिंत चढायचा आणि सकाळी पीठ घेऊन यायचा.” म्हणजे बापाच्या थकलेल्या पगाराचे तारण मुलगा किलोच्या भावाने विकत होता. त्याला दोष देण्याची माझी छाती नाही. पण ज्याच्या तराजूवर हे सारे चढत होते, त्याच्याविषयी मला तशी सहानुभूती वाटत नाही. आमच्याकडे ज्याला अटालेवाला म्हणतात तो दारोदार फिरणारा माणूस वेगळा. मी बोलतो आहे तो गोदाम बाळगून असलेल्या आणि गनमेटलचा व्हॉल्व्ह हातात आला की तो कोठून आला असणार हे पुरते ओळखणाऱ्या व्यापाऱ्याविषयी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहेच. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 411 खाली येई आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली येतो. परंतु घणाने फोडलेल्या बिडाला नाव-गाव नसते, आणि तांब्याच्या तारेवरचे आवरण जाळून टाकले की तिचीही ओळख पुसली जाते. (त्या जळण्याच्या धुरातून हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषे बाहेर पडतात, आणि तो धूर जाळणाऱ्याच्याच वस्तीत राहतो.) इंग्लंड आणि वेल्समध्ये 2013 च्या कायद्याने भंगाराची रोख खरेदी बंद केली आणि विकणाऱ्याचे नाव-पत्ता तपासणे सक्तीचे केले. अंधारात भिंत चढणाऱ्याच्या मागे धावण्यापेक्षा उजेडात टांगलेल्या काट्यावर नजर ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ब्राझीलमधील गोयानिया शहरात सप्टेंबर 1987 मध्ये जे घडले ते या संदर्भात मला नेहमी आठवते. एका कर्करोग-उपचार केंद्राने आपली जागा सोडली होती, जागेचा वाद न्यायालयात अडकला होता आणि सीझियम-137 हा किरणोत्सारी पदार्थ असलेले किरणोपचाराचे यंत्र त्या पडक्या वास्तूतच राहिले होते. दोन जणांनी त्याचा जड भाग भंगार म्हणून काढून नेला आणि विकला. अंधारात निळसर चमकणारी त्यातील पूड घराघरांत कौतुकाने वाटली गेली. चार माणसे दगावली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. आपल्याकडे दिल्लीच्या मायापुरीतही 2010 साली विद्यापीठाने लिलावात विकलेल्या एका जुन्या उपकरणातील किरणोत्सारी कोबाल्ट-60 भंगार बाजारात पोहोचले आणि एक कामगार मरण पावला. कापड गिरणीत किरणोत्सारी काही नव्हते, हे मी मान्य करतो. परंतु वाफेच्या नळ्यांवरचे ॲस्बेस्टॉसचे वेष्टन उघड्या हातांनी ओरबाडून काढलेले मी तेथे पाहिले, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर आजार प्रकट व्हायला काही दशके लागतात.

माझा अहवाल सादर झाल्यानंतर दीड वर्षाने उरलेल्या धातूचा लिलाव झाला. ज्याची बोली मान्य झाली त्याची माणसे न्यायालयाच्या आदेशाची प्रत घेऊन भरदिवसा आली, त्यांनी बॉयलर कापले, गर्डर उतरवले, आणि प्रत्येक ट्रक धर्मकाट्यावर जाऊन वजनाची चिठ्ठी घेऊन पुढे गेला. एका चिठ्ठीची पडताळणी करण्यासाठी मी त्या ट्रकमागोमाग गेलो, तेव्हा काकाही हट्टाने बरोबर आले होते. ट्रक शहरातील भंगाराच्या बाजारात शिरला आणि गोदामांच्या एका गल्लीत वळला. काका खाली उतरले, रचलेल्या ढिगांकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बाकीचं इथंच आलं असणार. चल, आता सगळं एका जागी आलं.” मी चिठ्ठीवरचे वजन वहीत उतरवून घेतले: नऊ टन, तीनशे वीस किलो.