विरजण कशाचं?

२३ जूनच्या रात्री इटलीतल्या पार्मा शहरात आणि आसपासच्या गावांत लोक उघड्यावर जेवतात. दुसऱ्या दिवशी सान जोव्हान्नी या संताचा सण. आदल्या रात्रीचं दव अंगावर पडलं की वर्षभर दुखणंखुपणं लांब राहतं, अशी जुनी समजूत. दव पडेपर्यंत बसून राहायचं तर पोटात काहीतरी हवं, आणि ते ठरलेलं असतं: तोर्तेल्ली द'एर्बेत्ता. अंड्यात मळलेल्या मैद्याची पातळ पारी, आत पालकाच्या नात्यातली एक पालेभाजी, रिकोत्ता हे मऊ चीज, पार्मिजानो हे मुरवलेलं कडक चीज आणि जायफळ. पाण्यात उकळून काढायचे, वर वितळलेलं लोणी, त्यावर पुन्हा पार्मिजानो. तिथले लोक म्हणतात, तोर्तेल्ली लोण्यात बुडवावेत आणि चीजने टिपून कोरडे करावेत. आमच्या सिन्योराचा हात लोण्याला सैल होता, चीजला त्याहून सैल.

सिन्योरा म्हणजे मालकीण. सत्तरी ओलांडलेली, पारी अजून स्वतः लाटणारी. तिचं त्रात्तोरिया, म्हणजे घरगुती खाणावळच, कोलोर्नोत होतं. पार्माच्या उत्तरेला पंधराएक किलोमीटरवरचं हे गाव. भलामोठा राजवाडा, मागे बाग, आणि पुढे पो नदीपर्यंत सपाट शेतं. राजवाड्यात स्वयंपाकाची शाळा आहे. मी इस्लामपूरचा, हॉटेल मॅनेजमेंट करून त्या शाळेत गेलो, आणि कोर्सनंतरच्या इंटर्नशिपसाठी, तिथल्या भाषेत 'स्ताज'साठी, सिन्योराच्या हाताखाली आलो. भाजी निवडायची, तोर्तेल्ली मोजायचे, भांडी वर-खाली करायची. फक्त भारतीय गिऱ्हाईक आलं की आतून हाक यायची, "तुझी माणसं आली!" मग एप्रन बदलून मी बाहेर.

माझी माणसं एकच प्रश्न विचारायची, "व्हेज आहे ना?" आणि एप्रिलपासून माझं एकच उत्तर होतं, "तोर्तेल्ली घ्या. प्युअर व्हेज!"

ते खोटं आहे हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे वहीत लिहिलेलं होतं. शाळेने आम्हाला एकदा भल्या पहाटे चीजच्या कारखान्यात नेलं होतं. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून त्याची साय काढतात, त्यात सकाळचं ताजं दूध मिसळतात आणि तांब्याच्या घंटेसारख्या कढयांत ओततात. मग कालच्या चीजची आंबवलेली निवळी घालतात, आणि मग रेनेट. दहा-बारा मिनिटांत अख्खी कढई थिजते. तो थिजलेला गोळा बारीक फोडून, तापवून, तळाशी बसला की कापडात धरून वर ओढतात. चाळीसएक किलोच्या एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं आणि ते चाक निदान १२ महिने मुरवावं लागतं. रेनेट येतं दूधपित्या वासराच्या जठरातून. पार्मिजानोच्या नियमातच ते आहे, दुसरं काही घातलं तर त्याला पार्मिजानो म्हणता येत नाही. आपल्याकडच्या चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, त्यामुळे चीज म्हणजे दूध आणि दूध म्हणजे शाकाहार, एवढ्यावर आपला विचार थांबतो. मी स्वतः तांबडा-पांढरा ओरपणारा. वासराचं जठर वहीत राहिलं, तोंडात 'प्युअर व्हेज' राहिलं.

त्या रात्री अंगणात ९४ जणांचं बुकिंग होतं. माणशी १२ तोर्तेल्ली धरले तर अकराशेच्या वर. दुपारपासून सिन्योरा आणि तिची बहीण लाटत होत्या, मी भरत होतो, बोटांना जायफळाचा वास चिकटला होता. साडेआठला हाक आली.

चौघं होते. मुलगा म्युनिकला नोकरीला, सून, चौदा-पंधरा वर्षांचा नातू, आणि मिरजेहून उन्हाळ्यापुरत्या आलेल्या आजी. गाडीने इटली फिरत होते, आठवा दिवस होता. मी मराठीत "नमस्कार" म्हटल्यावर आजींचा चेहरा खुलला.

"कुठला रे तू?"

"इस्लामपूर."

"अगंबाई, आमच्याच बाजूचा की! काय चांगलं आहे तुझ्याकडं?"

मी तोर्तेल्ली म्हटलं. प्युअर व्हेज म्हणणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "अंडं असतं का यात?"

"पारीत असतं, आजी."

"केकमधलं मी कधीच चालवून घेतलंय. चालेल. आणि हे चीज म्हणतोस, त्याला विरजण कशाचं लावतात?"

अडीच महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. जन्मभर दही लावलेल्या बाईलाच तो सुचणार.

"कालच्याच निवळीचं, आजी. कालच्या चीजचं पाणी उरतं ना, ते आंबवून आजच्या दुधात घालतात."

"म्हणजे आपल्यासारखंच," त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, आणि चार प्लेट सांगितल्या.

आत आलो. माझ्या उत्तरातला शब्दन् शब्द खरा होता, आणि त्याचाच त्रास व्हायला लागला. सरळ 'प्युअर व्हेज' म्हणताना कधी काही वाटलं नव्हतं. पाणी उकळत होतं, सिन्योरा ओरडत होती, मी बाराबारा मोजून सोडत होतो. दोनदा चुकलो. लोणी, चीज, चार प्लेट. बाहेर नेऊन ठेवल्या. आजींनी काट्याने एक तोर्तेल्लो कापला, आतला हिरवा रंग वाकून बघितला.

"आजी, थांबा."

मग उरलेलं सांगितलं. विरजणाने दूध आंबतं, पण थिजतं ते दुसऱ्याच गोष्टीने, आणि ती गोष्ट कुठून येते. वासरू हा शब्द उच्चारताना माझा आवाज बारीक झाला.

आजींनी काटा खाली ठेवला. मुलगा उठला, माझ्या दंडाला धरून भिंतीकडे घेऊन गेला.

"काय गरज होती? आठ दिवस पिझ्झा, पास्ता, सगळं खातेय ती. मजेत होती."

"दादा, त्यांनी विचारलं होतं."

"मग दिलं होतंस ना उत्तर? पुन्हा कशाला द्यायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

"काय कुजबुजताय रे?" टेबलावरून आवाज आला. "म्हणजे आठ दिवस मी काय खाल्लं?"

"आजी, पिझ्झ्याचं चीज वेगळं असतं," नातू म्हणाला. "कदाचित."

"कदाचित," आजी म्हणाल्या. पाण्याचे दोन घोट घेतले आणि स्वतःची प्लेट नातवापुढे सरकवली. "तू खा, टाकायला नको. आणि बाळा, मला दुसरं काहीतरी आण."

दुसरं काय? मी आत जाऊन मेन्यूवरून नजर फिरवायला लागलो, आणि रोजचा तो मेन्यू डोळ्यांदेखत एकेक ओळ गळून पडायला लागला. तोर्ता फ्रित्ता, आपल्या मैद्याच्या पुरीची फुगीर बहीण, तळलेली डुकराच्या चरबीत. भाज्यांच्या सूपमध्ये चवीला पार्मिजानोची साल टाकलेली. पान्ना कोत्ता या सायीच्या गोड पदार्थात जिलेटीन, तेही जनावराचंच. सॅलडच्या पुढे जाता येईना, आणि मिरजेच्या बाईला रात्रीच्या जेवणाला नुसता पाला कसा द्यायचा?

सिन्योराला घाईघाईत सांगितलं. तिला आधी वाटलं मी तोर्तेल्ली चीजशिवाय मागतोय. "तोर्तेल्लीतून पार्मिजानो काढू? त्यापेक्षा मलाच काढा इथून!" मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, कोपऱ्यातल्या शेगडीकडे हात केला. "आपलं जेवण दे तिला. आणि माझ्या पाण्याला हात लावायचा नाही."

आपलं जेवण म्हणजे स्टाफचं. गिऱ्हाइकांसाठी रोज ताजी पारी लाटली जायची, पण आम्ही संध्याकाळी सहाला खायचो ती दुकानातली सुकी पेन्ने. गव्हाचा रवा आणि पाणी, अंडंसुद्धा नाही. एकच पाकीट शिल्लक होतं. नवं पातेलं, नवं पाणी. ऑलिव्ह तेलात लसूण, सुकी लाल मिरची चुरडून, टोमॅटो, शेवटी तुळशीच्या कुळातली बझिलिकोची पानं. पेन्नेला ११ मिनिटं लागतात. ती अकरा मिनिटं माझी बाकीची कामं तुंबली, काउंटरवर प्लेटा साचल्या, वाढपी माझ्या नावाने काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

आजींनी पहिला घास खाल्ला. "मिरची आहे का अजून?"

वाटीभर आणून दिली. त्यांनी मनापासून घातली. "हां, आता बरं." मग न बोलता सगळं संपवलं. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. नातवाने चोवीस तोर्तेल्ली रिचवले आणि पट्टा सैल केला.

बिल करताना सिन्योराने पेन्नेचे पैसे लावले नाहीत. उदारपणा नव्हे. "मेन्यूत नाही, मग किंमत कुठून आणू?" असा तिचा हिशेब. चौघांचा कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, मात्र बरोबर लावला, आणि चारही तोर्तेल्ली.

निघताना आजी माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं पाठीवर हात बित ठेवतील.

"सांगितलंस ते ठीक. पण आधी सांगायचं. ताट पुढ्यात आल्यावर नाही."

बाराच्या सुमाराला टेबलक्लॉथ हाताला ओलसर लागायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हाताऱ्याने दोन्ही तळहात आभाळाकडे केले. मला दवापेक्षा डास जास्त लागले.

एकच्या पुढे आम्ही जेवायला बसलो. पेन्ने संपलेली, म्हणून उरलेले तोर्तेल्ली. भांडी घासणारा आमचा पोरगा पंजाबी. त्या भागातल्या गोठ्यांमध्ये पंजाब्यांचा बराच भरणा आहे, नोव्हेल्लारा या गावात २००० सालापासून मोठा गुरुद्वाराही आहे. त्याचे वडील गोठ्यातच कामाला. ज्या दुधाचं पार्मिजानो होतं ते पहाटे काढणारे. मी त्याला सगळी हकीकत सांगितली, आजी, विरजण, वासरू. त्याने चीजचं भांडं स्वतःकडे ओढलं.

"बछड़े की बात खाने के बाद कर, यार."

आणि दोन चमचे वरून घातले. मग मीही घातले.