पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल : दुकानात शिरण्याआधीची टिपणं

सोमवार

एनसीसीत पॉइंट टू-टू झाडलेल्या माणसाला वाटतं, रायफल आपल्या ओळखीची आहे. पण ती बोल्टची रायफल. प्रत्येक बारानंतर मूठ वर करायची, मागे ओढायची, पुंगळी पडली की पुन्हा पुढे सरकवायची. हात थांबतो, त्याबरोबर डोकंही थांबतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ही उसंत नाही. बार झाला की त्याच्याच जोरावर बोल्ट मागे जातो, पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या रेट्याने पुढे येताना नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, ढकलतो. एकदा चाप ओढला की एकच बार, यात बदल नाही. फक्त पुढचा बार न मागता तयार होऊन बसलेला असतो. अमेरिकेत स्थायिक झालेले आणि रेंजवर छंद म्हणून नेमबाजी करू पाहणारे आपले लोक चुकतात ते बहुधा इथेच.

पहिली रायफल .22 लाँग रायफल काडतुसाचीच घ्यावी, या मतावर मी ठाम आहे. रुगर 10/22 हे तिचं सर्वात ओळखीचं रूप. 1964 पासून बाजारात आहे, 10 गोळ्यांचं फिरतं मॅगझीन, साध्या कार्बाइन मॉडेलची नळी साडेअठरा इंचांची, वजन 5 पौंडांच्या आसपास. नवी साधारण 300 ते 400 डॉलरच्या घरात मिळते. धक्का नसल्यासारखाच, त्यामुळे चाप ओढताना डोळे मिटण्याची सवय लागत नाही. ती एकदा लागली की सुटायला हजार गोळ्या जातात.

मंगळवार

आज फक्त कागद. नळी, दस्ता, दुर्बीण हे सगळं नंतर.

एच-1बी, एच-4, एफ-1 अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस विकत घेता येत नाही, जवळही बाळगता येत नाही. दुकानाच्या पाट्यांवर हे क्वचितच लिहिलेलं असतं. याला मोजके अपवाद आहेत. कामाचा म्हणावा असा एक : अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. तो विकत घेतानाही चालू हवा आणि बंदूक जवळ आहे तोवरही. रेंजवर भाड्याने रायफल घेऊन चार गोळ्या झाडणं हेही बाळगण्यातच मोडतं. रेंजवाल्याने व्हिसा विचारला नाही म्हणून कायदा बदलत नाही. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही. त्याने कार्डावरचा ए-नंबर, म्हणजे परदेशी नागरिकाचा नोंदणी क्रमांक, सोबत न्यावा.

अवघड जागा घरात असते. नवऱ्याला ग्रीन कार्ड मिळालं, बायको अजून एच-4 वर, आणि तिजोरीची किल्ली दोघांची. अशा वेळी किल्ली एकाकडेच राहील अशी सोय करावी आणि वकिलाशी अर्धा तास बोलून घ्यावं. वकिलाची फी रायफलीइतकी आली तरी बेहत्तर.

आता फॉर्म 4473, म्हणजे बंदूक खरेदीचा संघराज्याचा अर्ज. दुकानातच, स्वतःच्या हाताने भरायचा. आपल्या लोकांच्या दोन चुका ठरलेल्या. पहिली, मधलं नाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लायसनवर एक, ग्रीन कार्डावर दुसऱ्याच स्पेलिंगचं. फॉर्मला पूर्ण मधलं नाव लागतं, नुसतं आद्याक्षर चालत नाही. दुसरी चूक हास्यास्पद वाटेल, पण पुन्हा पुन्हा होते : ‘काउंटी’च्या (म्हणजे जिल्ह्याच्या) चौकटीत लोक ‘कंट्री’ समजून यूएसए लिहितात. पत्ता राहत्या घराचाच हवा, पोस्ट बॉक्स चालत नाही. नुकतंच घर बदललं असेल तर आधी लायसन बदलून घ्यावं.

फॉर्मवर विचारलेलं असतं, खरा खरेदीदार तुम्हीच आहात का. व्हिसावरच्या मित्राने पैसे दिले आणि तुम्ही तुमच्या नावावर त्याच्यासाठी रायफल घेतली, तर तो ‘स्ट्रॉ पर्चेस’, म्हणजे गंभीर गुन्हा. मैत्रीखातर केलं हे उत्तर तिथे चालत नाही. गांजाबद्दलचा प्रश्नही नीट वाचावा. राज्यात तो कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्यात नाही, असा इशारा फॉर्मवरच छापलेला आहे.

मग दुकानदार एफबीआयच्या निक्स या पार्श्वभूमी तपासणाऱ्या यंत्रणेकडे (काही राज्यांत राज्याच्या पोलिसांमार्फत) विचारणा करतो. उत्तर तीनपैकी एक : मंजूर, थांबा, नाकारलं. देशपांडे, पाटील, जाधव अशी आडनावं घाऊक. नामसाधर्म्याने ‘थांबा’ आलं तर घाबरू नये. संघराज्याच्या नियमाने 3 कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. पण देण्याचं बंधन त्याच्यावर नाही, आणि काही राज्यांत तसं देताच येत नाही. 21 वर्षांखालच्या खरेदीदारासाठी ही मुदत आणखी लांबू शकते. दर वेळी असंच अडत असेल तर एफबीआयकडे अर्ज करून यूपीआयएन नावाचा ओळख क्रमांक मिळवता येतो. पुढच्या फॉर्मवर तो लिहायचा.

बुधवार

राज्य बदललं की तीच रायफल वेगळी ठरते. टेक्सासमध्ये संघराज्याच्या तपासणीपलीकडे फारसं काही नाही. न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड काढावं लागतं, आणि मॅगझीनची मर्यादा 10 गोळ्यांची. न्यू यॉर्कमध्ये सप्टेंबर 2022 पासून सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायला परवाना लागतो. कॅलिफोर्नियात आधी सुरक्षेची लेखी परीक्षा, मग 10 दिवसांची थांबणूक. वॉशिंग्टन राज्यात 2018 च्या जनमतातून आलेली ‘सेमी-ऑटोमॅटिक असॉल्ट रायफल’ची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की बिचारी 10/22 सुद्धा तिच्यात बसते. म्हणजे वय 21 हवं आणि गेल्या 5 वर्षांतल्या प्रशिक्षणाचा पुरावा हवा. वॉशिंग्टनमधल्या रेडमंडच्या मित्राला टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या मित्राचा सल्ला उपयोगाचा नाही, तो यामुळेच.

जुनी मार्लिन 60 स्वस्तात मिळते. नळीखालीच नळीसारखं मॅगझीन असलेली छान रायफल. पण तिच्या जुन्या नगांत 17 गोळ्या बसतात, आणि न्यू जर्सीत अशाच नगाबद्दल झालेली शिक्षा 1996 मध्ये अपिलातही कायम राहिली. तिथे आक्षेप बंदुकीच्या रूपावर नव्हता, गोळ्यांच्या मोजणीवर होता. सेकंड हँड घेताना हे आधी पाहावं.

शुक्रवार

दुकानात ब्रँड आधी बघू नये, खांदा बघावा. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवायचं. बोटाचं पहिलं पेर चापापर्यंत आरामात पोचलं पाहिजे. 10/22 च्या साध्या दस्त्याचं हे अंतर साडेतेरा इंच आहे. पाच फूट दोन इंचांच्या माणसाला ते लांब पडतं, थंडीचं जाड जाकीट घातलं की आणखी लांब. मग माणूस कंबरेतून मागे झुकतो आणि नेम हलतो. आखूड दस्त्याचं कॉम्पॅक्ट मॉडेल याचसाठी असतं. ते लहान मुलांचं म्हणून लाजू नये.

लष्करी थाटाच्या एआर-15 रायफलीकडे डोळे वळतातच. त्यातलं एआर म्हणजे आर्मालाइट, कंपनीचं नाव. घ्यायचीच असेल तर नळीवर कोरलेलं वाचावं. .223 रेमिंग्टन कोरलेल्या चेंबरमध्ये 5.56 नाटो काडतूस झाडू नये, दाब वाढतो. 5.56 च्या चेंबरमध्ये दोन्ही चालतात, ‘.223 वाइल्ड’ नावाच्या चेंबरमध्येही. आणि एका गोळीचा खर्च .22 च्या कित्येक पट. पहिल्या वर्षी तो पैसा सरावात घातलेला बरा.

.22 ची गोळी 50 च्या डबीत आणि 500 च्या ‘ब्रिक’मध्ये मिळते. सुरुवातीलाच ब्रिक घेऊ नये. तीन-चार प्रकारच्या डब्या घेऊन प्रत्येकीने 50 यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे गट काढावेत. एकाच नळीला एक गोळी मानवते, दुसरी नाही. 40 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हाय व्हेलॉसिटी, म्हणजे वेगवान गोळी बोल्ट नीट फिरवते. सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाची गोळी, कमजोर पडली तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी त्याच्या जबड्यात चुलीच्या धुराड्यासारखी उभी अडकते. दुर्बीण घ्यायची तर .22 साठी 50 यार्डांवर पॅरालॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण सरकल्यासारखी दिसणं) जुळवलेली, साधी 4 पटीची पुरते.

शनिवार

बंदूक रिकामी करण्याचा क्रम : आधी मॅगझीन बाहेर, मग बोल्ट मागे, मग चेंबरमध्ये डोळ्याने आणि बोटाने खात्री. उलटं केलं, म्हणजे आधी बोल्ट ओढला, तर चेंबरमधली गोळी पडते आणि बोल्ट सोडताच मॅगझीनमधली दुसरी आत जाते. जमिनीवर पडलेली गोळी पाहून माणूस निर्धास्त होतो. नुसतं मॅगझीन काढणं हीही तीच चूक. शिवाय 10/22 चा बोल्ट शेवटच्या गोळीनंतर आपोआप उघडा राहत नाही, त्यामुळे ‘संपल्या असतील’ हा अंदाज करायचाच नाही.

चाप ओढून नुसता ‘टक’ झाला तर नळी निशाणाच्या दिशेलाच ठेवून 30 सेकंद मोजायचे, मग बोल्ट उघडायचा. .22 मध्ये असे फुसके निघतातच. ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठात फिरवलेला असतो आणि तो कधी सगळीकडे सारखा बसत नाही. पण ‘फुस्स’ असा दबका आवाज आला तर पुढची गोळी झाडायची नाही. आधीची नळीत रुतलेली असू शकते.

कान झाकायचे. .22 रायफलचा आवाजही 140 डेसिबलच्या आसपास जातो. छपराखालच्या रेंजवर आत बोळे आणि वर मफ, दोन्ही. नेमामागे काय आहे तेही पाहायचं, कारण ही ‘छोटी’ गोळी दीड मैल जाऊ शकते. घरी आल्यावर खाण्याआधी हात धुवायचे, शिशाची पूड लागलेली असते.

रविवार

सफाई. .22 घाण करते, मेण आणि काजळी दोन्ही. 10/22 दस्त्यातून काढताना सेफ्टीचं बटण मधोमध ठेवावं लागतं, नाहीतर ते लाकडात अडतं आणि नवखा माणूस स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला लागतो. साध्या 10/22 ची नळी पुढच्या तोंडाकडून साफ करावी लागते, कारण मागचा भाग बंद आहे. गाइड न लावता सळई घासली तर तोंडाची कड झिजते आणि नेम बिघडतो.

रायफल कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, सिलिका जेलची पुडी दोन्हीकडे.

रेंजची बॅग वेगळी ठेवावी आणि ती कधीही प्रवासाला नेऊ नये. तिच्या कोपऱ्यात विसरलेली एक जिवंत गोळी मुंबई विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रात दिसली की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. मग ‘तिकडे कायदेशीर आहे’ हे पोलीस ठाण्यात बसून सांगावं लागतं. गावी निघताना घरातली प्रत्येक पिशवी, कोटाचे खिसेसुद्धा, उलटे करून झटकावेत.