नाशिकला समुद्र कुठे आहे?

"नाशिकला ना समुद्र, ना बंदर. मग तुम्ही इथे बसून समुद्राचा अभ्यास कसा करता?" लग्नकार्यात, पालकसभेत, कुठेही भेटलेलं माणूस मला हेच विचारतं. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

माझं काम सुरू होतं टूथब्रशपासून. पाऊस ओसरला की गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला जायचं, नदीतले दगड उचलायचे आणि त्यांवरचा तपकिरी, निसरडा थर खरवडून बाटलीत घ्यायचा. त्या थरावरून पाय घसरला नाही असा नाशिककर विरळाच. त्यात खच्चून भरलेले असतात डायटम, म्हणजे काचेच्या पेटीत राहणारं एकपेशीय शैवाल. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उकळलं की त्यातला जिवंत भाग जळून जातो आणि नुसत्या पेट्या उरतात. कुणी होडीसारखी, कुणी सुईसारखी, आणि प्रत्येकीवर इतक्या बारीक रेघा की सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढवत नाही.

ही काच येते ब्रह्मगिरीच्या काळ्या बसाल्टातून. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडकात मुरतं, खडक कणाकणानं झिजतो, काच जिच्यापासून बनते ती सिलिका विरघळून नदीत उतरते. त्र्यंबकहून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे. पण गोदामाई त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. जाताना वाटेतल्या खडकांचीही सिलिका गोळा करते. समुद्रातल्या डायटमना पेट्या बांधायला तीच लागते. डायटमवर प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी जगतात, त्यांच्यावर मासे. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा एकटे डायटम करतात.

आता अडचण सांगते. धरणाच्या साचलेल्या पाण्यात डायटम वाढतात, मरतात आणि पेट्यांसकट गाळात बसतात. म्हणजे सिलिका अडते; पण सांडपाण्यातलं आणि खतांतलं नायट्रोजन, फॉस्फरस वाटेत भरतच राहतं. युरोपातल्या डॅन्यूब नदीवर १९७२ साली आयर्न गेट्स धरण झालं. त्यानंतर काळ्या समुद्रात सिलिका कमी पोहोचू लागली आणि तिथल्या प्लवकांची घडीच बदलली, अशी मांडणी १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी केली. डायटम मागे पडले की दुसरी शैवालं जागा घेतात, आणि ती सगळीच माशांच्या कामाची नसतात.

नाशिकच्या खालच्या अंगाला गोदावरीवर नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. लोक तिथे पक्षी बघायला येतात. मी गाळ काढायला जाते. शहर ओलांडल्यानंतरच्या नमुन्यांत निट्झशियासारखे घाण सोसणारे डायटमचे प्रकार गर्दी करतात, आणि वरच्या दगडांवरचे कितीतरी प्रकार शोधूनही सापडत नाहीत. अशी स्लाइड समोर आली की मला खरंच वाईट वाटतं. हेच पाणी पुढे निम्मा देश ओलांडून जाणार असतं.

ऑक्टोबरात पुन्हा दगड खरवडायला निघणार आहे. यायचं असेल तर जुना टूथब्रश घेऊन या.