उजव्या हाताची सावली

२०२३ च्या आषाढी वारीत पावसाने आमची साथ धरलीच नाही. माउलींच्या पालखीचे प्रस्थान आळंदीहून ११ जूनला झाले आणि पाऊस पुण्यात पोहोचला तो २५ जूनला. तोवर आम्ही वेळापूरच्या मुक्कामी आलो होतो. एरवी या दिवसांत ढगांमुळे रस्त्यावर सावली अशी पडतच नाही, पण त्या वर्षी ती रोज सकाळी आमच्याबरोबर निघत असे. मी इमारतींचे नकाशे काढण्याचे काम करतो, खिडकीवरचा छज्जा किती बाहेर काढावा याचा हिशेब रोजच मांडतो, त्यामुळे मुखाने अभंग चालू असतानाही माझी नजर जमिनीकडे जाई.

यातला एक दिवस मी सबंध पाहिला. तो २१ जूनचा, वर्षातला सर्वांत मोठा दिवस. त्या दिवशी तरडगावहून फलटणला जायचे होते. सकाळी साडेसहाला दिंडी रस्त्याला लागली तेव्हा माझी सावली माझ्या नऊपट लांब होऊन उजव्या बाजूच्या शेतात पसरली होती. आमची वाट आग्नेयेकडे आणि सूर्य ईशान्येकडे झुकून उगवलेला, म्हणून सावली मागे आणि उजवीकडे पडे. आठ वाजता ती दुप्पट उरली, साडेनऊच्या जरा आधी माझ्याएवढी झाली. त्या सुमारास पुढच्या एका माउलीच्या डोक्यावरचे तुळशीवृंदावन डांबरावर इतके रेखीव उतरले होते की तुळशीच्या मंजिऱ्याही मोजता आल्या असत्या.

मला नवल वाटले ते दिशेचे. सूर्य चढेल तशी सावली एकसारखी फिरत जाते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात साडेअकरापर्यंत ती लांबीने झपाट्याने आखडत गेली, पण तिची दिशा आठ-दहा अंशांहून अधिक हलली नाही. सगळे फिरणे तिने दुपारच्या दोन तासांसाठी राखून ठेवले होते, कारण त्या वेळी सूर्य जवळजवळ डोक्यावरून ओलांडत असतो.

दुपारच्या विसाव्याला माझी फजिती झाली. सामानाच्या ट्रकची सावली उत्तरेला असणार, असे सवयीने धरून मी त्या बाजूला चाकाला टेकून पत्रावळ घेतली आणि ऊन थेट तोंडावर आले. पलीकडून आमचे म्हातारे पताकावाले हसले. ‘‘माउली, तिकडं कुठं बसलात? ज्येष्ठ-आषाढात सावली इकडं असती.’’ मी ट्रकला वळसा घालून दक्षिणेला गेलो, तर तिथेही सावली वीतभरच होती आणि तिच्यात पाठी चिकटवून सहा जण आधीच बसले होते. नकाशांवर उत्तरेच्या खिडकीला छज्जा लहान काढणाऱ्या माणसाला हे एका शेतकऱ्याने शिकवावे, याची मला थोडी लाजच वाटली.

त्या पताकावाल्या बाबांनी पताका उभी धरली. काठी आठ फुटांची, घड्याळात बारा पस्तीस. सावली काठीच्या बुडापासून दक्षिणेला सरळ पडली होती आणि ती माझ्या वितीत नेमकी मावली. फलटण सुमारे १८ अक्षांशावर आहे आणि त्या दिवशी सूर्य कर्कवृत्तावर, म्हणजे साडेतेवीसच्या किंचित आत असतो. तो मध्यान्हीलाही आपल्या साडेपाच अंश उत्तरेला राहतो. आपले जुने ज्योतिषी बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे उभी खुंटी, रोवून हेच मोजत असत. विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या दिवशीच्या, मध्यान्हीची त्याची सावली म्हणजे पलभा. फलटणला ती चार अंगुळांना थोडी कमी भरेल, आणि तीही उत्तरेला. त्या दिवशी मात्र तोच शंकू जेमतेम सव्वा अंगुळाची सावली देता, तीही दक्षिणेला. या भागात मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टच्या सीमेवर मध्यान्हीची सावली पायाखाली गडप होते. आषाढी वारी नेहमी या दोहोंच्या मध्ये येते, म्हणून आषाढीच्या वारकऱ्याची मध्यान्हीची सावली दक्षिणेला आणि कार्तिकीला जाणाऱ्याची उत्तरेला.

त्या दिवशी तर ती उदयापासून अस्तापर्यंत एकदाही उत्तरेला गेली नाही. आम्ही आग्नेयेला चालत होतो, म्हणून ती सकाळपासून आमच्या उजव्या हाताला राहून दुपारी मागून पुढे सरकली. डावीकडच्या कडुलिंबांखालचा गारवा रस्त्यावर येई आणि उजवीकडच्या झाडांची सावली शेतात वाया जाई. एवढे कळल्यावर मी डावी कडा सोडली नाही.

फलटणला विमानतळाच्या मोकळ्या मैदानावर तळ होता. साडेपाच उलटून गेले होते आणि सावली पुन्हा माणसाच्या पावणेतीनपट झाली होती. मी मोबाइलवर नकाशा उघडून तिची दिशा ताडून पाहिली, तर ती थेट पंढरपूरकडे रोखलेली होती. हा योग भूगोलाचा आहे, हे मला कळत होते. तरी मी बाबांना बोलावून दाखवले. त्यांनी सावलीकडे पाहिले, आपली पताका तिच्या रेषेत उभी धरली आणि म्हणाले, ‘‘ही आधीच निघाली की.’’ तेवढ्यात समाजआरतीसाठी चोपदारांनी दंड उंचावला, टाळ थांबले आणि बाबा पताका घेऊन आपल्या जागेवर गेले.