'सारखा' जोडून लिही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'चार शब्द लिहा' असं पत्र आलं, तेव्हा मी मैदानावर, स्नेहसंमेलनावर, वाचनालयावर, सगळ्यांवर थोडंथोडं लिहायचं ठरवलं होतं. तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा कागदावर बाईच आल्या. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की मराठीच्या बाई, हे आमच्या तुकडीतल्या कुणालाही विचारा. बाकीच्या सरांनी आणि बाईंनी राग मानू नये.

परीक्षा जवळ आली की इतर तासांना उजळणी म्हणजे संभाव्य प्रश्न. बाई मात्र दहावीच्या पोरांना विचारायच्या, "वाचता येतं का रे तुम्हाला?" उतारा समोर आला की पेन खाली ठेवायचं. आधी सांगायचं, बोलतंय कोण आणि कोणाशी. कवितेतला 'मी' म्हणजे कवीच, असं कुणी ठोकून दिलं की समासात लाल शाईने 'कशावरून?' ससा-कासवाची गोष्ट शर्यतीची आहे, पण शर्यतीबद्दल नाही. 'ची' आणि 'बद्दल' यांतला फरक कळला त्याला मध्यवर्ती कल्पना कळली. याहून सोपी व्याख्या मला आजवर कुठे सापडलेली नाही. वृत्तं बाकावर ठेका धरून. गण लक्षात ठेवायच्या 'यमाताराजभानसलगा' या सूत्रातली पहिली तीन अक्षरं घ्या, य-मा-ता, लघु गुरू गुरू, झाला य गण. ओळीत असे ४ आले, अक्षरं १२, की भुजंगप्रयात. शेजारच्या वर्गातून तक्रार यायची.

अशाच एका उजळणीच्या तासाला मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, 'बाईंचा आवाज फुटक्या भोंग्या सारखा आहे', आणि वही शेजाऱ्याकडे सरकवली. तो हसला. बाई मागेच उभ्या होत्या.

त्यांनी वही उचलली, वाचली, खिशातून लाल पेन काढल्यासारखा हात करत टेबलापर्यंत गेल्या आणि खरंच लाल पेन घेऊन परत आल्या. 'भोंग्या' आणि 'सारखा' यांच्यामध्ये त्यांनी एक कंस काढला, खालून, दोन्ही शब्द जोडणारा. "आधी 'सारखा' जोडून लिही. मग माझ्यावर लिही."

मग वाक्य फळ्यावर गेलं. "उपमेय?" वर्ग गप्प. "अरे सांगा, मीच आहे." माझा आवाज फुटेना, कुणीतरी म्हणालं, बाईंचा आवाज. उपमान, फुटका भोंगा. साधर्म्यवाचक शब्द, सारखा. "आणि साधारण धर्म? दोघांत सारखं आहे काय? तेच गाळलंयस. ही लुप्तोपमा झाली." मला उभं राहून 'कर्कशपणा' म्हणावं लागलं. 'कर्कश' शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने वाक्यात घातला. आता पूर्णोपमा.

पुढे वर्गाची भीड चेपली. 'बाईंचा आवाज जणू फुटका भोंगाच', उत्प्रेक्षा. 'हा आवाज नव्हे, भोंगा आहे', अपन्हुती. मागच्या बाकावरून 'भोंगा परवडला, पण बाईंचा आवाज नको' आलं, तेव्हा बाई हसत हसत म्हणाल्या, "व्यतिरेक! उपमेय उपमानाच्या वरचढ." मग माझ्याकडे वळल्या. "तू अनन्वय सांग. उपमेयाला उपमा त्याचीच." मी ओठ हलवले आणि घंटा झाली.

आज मी वकिली करतो, बरी चालते. एका 'किंवा'वर अख्खी दुपार घालवली आहे. समोरच्या पक्षाचं पत्र आलं की अजून पेन खाली ठेवतो. 'आम्ही आपल्या उत्तराची वाट पाहू' याची अभिधा, म्हणजे सरळ अर्थ, सौजन्याची असते; व्यंजना, म्हणजे सुचवलेला अर्थ, दाव्याची. हे मला कायद्याच्या वर्गात कुणी शिकवलं नाही.

परवा मुलीची उजळणीची वही पाहिली. सुबक तक्ता: सम, सारखा, परी दिसलं की उपमा; जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. तक्ता चूक नाही. मी तिला विचारलं, 'तो सारखा रडतो', अलंकार कोणता? क्षणात उत्तर, उपमा. "कोणाला कशाची?" तिने वाक्य पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा, हळू. "बाबा, यात काहीच नाहीये." मला तिचा नाही, तक्त्याचा राग आला. आता म्हणे पानभर उतारा वाचायलाही वेळ नसतो, प्रश्न आधी पाहायचे आणि उत्तर उताऱ्यात शोधून अधोरेखित करायचं. गुण पडतात, नाही म्हणत नाही.

बाई, त्या दिवशीचं एक उत्तर माझ्याकडे बाकी होतं. बाईंच्या आवाजासारखा आवाज बाईंचाच. 'सारखा' जोडून लिहिलाय.