आमची वाटचाल : बडोद्यातून मालदीवच्या रिसॉर्टांचे हिशेब

बडोद्यात सयाजीगंजला आमचं ऑफिस आहे. मालदीवमधल्या छोट्या आणि मध्यम रिसॉर्टांचे हिशेब आम्ही ठेवतो. रोजची विक्री तपासणं, महिन्याचं क्लोजिंग, तिथल्या कराची रिटर्न आणि मालकासाठी महिन्याचा अहवाल, एवढं आमचं काम. हॉटेलं गोव्यातही आहेत, दमणला तर इथून सकाळी निघून जेवायला पोचता येतं. तरी आम्ही बेटांचंच काम धरून राहिलो. रिसॉर्टचा मालक भेटला की आधी ऑक्युपन्सी, म्हणजे शंभरातल्या किती खोल्या भरल्या ते, सांगतो. आम्ही त्याला दोन वेगळे आकडे विचारतो: बेटावर एकही पाहुणा नसताना महिन्याचा खर्च किती, आणि पाहुण्याने मोजलेल्या पैशातलं कर, कमिशन, फी वजा जाता तुमच्याकडे काय उरतं? हे दोन आकडे काढून देणं हाच आमचा धंदा झाला आहे.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कॉमर्स फॅकल्टीतून एम.कॉम. करून २०१० मध्ये मी मालदीवमधल्या एका रिसॉर्टमध्ये इन्कम ऑडिटर, म्हणजे रोजची विक्री तपासणारी, म्हणून लागले. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. "हिशेबच लिहायचेत तर बडोद्यात बँका काय कमी आहेत?" हा त्यांचा प्रश्न बरेच दिवस चालला. मी गेले, आणि पहिल्या महिन्यातच कळलं की हे हिशेब बँकेतल्यासारखे नाहीत.

मालदीवमध्ये पहिलं रिसॉर्ट उघडलं १९७२ मध्ये, कुरुंबा नावाचं. पुढे एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी तिथली रीत पडली. पाहुण्याला त्यात एकांत मिळतो. मालकाला मात्र त्या बेटाची महापालिका, वीजमंडळ आणि पाणीपुरवठा, सगळं स्वतःच चालवावं लागतं. समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट, डिझेलचे जनरेटर, सांडपाणी, कचरा, जेट्टी, बोटी. खोलीमागे दोन-अडीच कर्मचारी ही तिथली सर्वसाधारण गोष्ट, आणि ते सगळे बेटावरच राहतात, जेवतात, सुटीला घरी जातात तेही रिसॉर्टच्या खर्चाने.

रात्री नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाची खाती बंद करण्याचं काम, झालं की सकाळी माझ्या टेबलावर आदल्या दिवसाचा गठ्ठा यायचा. बारचे चेक, स्पाची व्हाउचरं, डायव्हिंगची यादी, सीप्लेनचे (पाहुण्यांना विमानतळावरून बेटावर नेणाऱ्या, पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानांचे) हिशेब. सीप्लेन फक्त उजेडी उडतात. ज्या देशातून येणारं विमान संध्याकाळी उतरतं, त्या देशाचा पाहुणा पहिली रात्र राजधानी मालेच्या आसपास काढतो आणि रिसॉर्टची एक रात्र बुडते. दूरच्या बेटांवर हा फरक वर्षाच्या शेवटी चांगलाच दिसतो. हे मला त्या गठ्ठ्याने शिकवलं.

पर्यटनावरचा जीएसटी २०११ च्या जानेवारीत ३.५ टक्क्यांनी सुरू झाला तेव्हा मी तिथेच होते. मग तो ६, ८, १२ असा चढला, २०२३ पासून १६ झाला आणि जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. १०० डॉलरच्या खोलीवर आधी १० टक्के सेवा शुल्क लागतं, आणि त्या ११० वर १७ टक्के कर. म्हणजे पाहुणा मोजतो १२८ डॉलर ७० सेंट. त्यातला कर सरकारचा आणि सेवा शुल्क कर्मचाऱ्यांत वाटायचं. शिवाय माणशी दर रात्रीचा हरित कर. रिसॉर्टांना तो नोव्हेंबर २०१५ मध्ये ६ डॉलरने लागला, जानेवारी २०२५ पासून १२ झाला. जोडपं चार रात्री राहिलं की ९६ डॉलर. ट्रॅव्हल कंपनीशी सगळं धरून एकच भाव ठरला असेल आणि कर मध्येच वाढला तर बदल करायचं कलम करारात आहे की नाही, हे पाहावंच लागतं. कलम नसेल तर वाढलेला कर रिसॉर्टच्या खिशातून जातो. म्हणून नवा ग्राहक आला की आम्ही खातेवहीच्या आधी त्याचे करार मागवतो.

परत आले आणि २०१५ मध्ये दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर काम सुरू केलं. सोबतीला वहिनी. त्यांनी एका औषध कंपनीत पगारपत्रकं सांभाळली होती. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, पण पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून बरीच रिसॉर्टं स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, म्हणजे ती आपल्या अर्धा तास पुढे. तिथे सरकारी सुटी शुक्रवार-शनिवारची, रविवारी कचेऱ्या चालू. त्यामुळे रविवारी आमचं ऑफिस भरलेलं असतं. कामावर ठेवलेल्या मुलींच्या घरच्यांना हे समजावून सांगायचं काम वहिनींनी केलं, आणि ते हिशेबापेक्षा अवघड होतं.

आमच्या पहिल्या ग्राहकाचं रिसॉर्ट एक व्यवस्थापन कंपनी चालवायची. अशा कंपनीची मूळ फी एकूण विक्रीवर असते, साधारण दोन-तीन टक्के, आणि वर प्रोत्साहन फी जीओपीवर. जीओपी म्हणजे चालवण्याचा खर्च वजा जाता उरलेला नफा. बेटाचं भाडं, विमा आणि कर्जाचं व्याज त्यात धरलेलं नसतं. भाडं जमिनीच्या क्षेत्रफळावर, पाहुणे येवोत न येवोत. त्यामुळे चालवणाऱ्याचा महिना चांगला जाऊनही मालकाचा कोरडा जाऊ शकतो, आणि यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. दोघं एकाच पानाच्या वेगवेगळ्या ओळीकडे बघत असतात. मालकाला त्याची ओळ दाखवणारं कुणीतरी लागतं, ती जागा आम्ही घेतली.

उदाहरण देते. ६० व्हिला, ३० दिवसांचा महिना, म्हणजे विकायला १,८०० रात्री. एका महिन्यात ८५ टक्के भरले, हाती आलेला दर ३०० डॉलर. दुसऱ्यात ६८ टक्के, दर ३७५. दोन्हीकडे खोल्यांची विक्री ४,५९,००० डॉलर, उपलब्ध खोलीमागे २५५. कागदावर दोन्ही महिने सारखे. पण पहिल्या महिन्यात ३०६ रात्री जास्त भरल्या, आणि प्रत्येक भरलेल्या रात्रीमागे नाश्ता, धुलाई, पाणी, वीज मिळून ७० डॉलर लागत असतील तर २१,४२० डॉलर जास्त खर्च झाले. पुन्हा, जास्त आलेले पाहुणे बार आणि स्पामध्ये खर्च करणारे असतील तर गणित उलटतं. सगळं दरातच धरलेलं असेल तर ते आणखी बिघडतं. म्हणून कोणता पाहुणा कोणत्या जेवणाच्या प्लॅनवर आहे हे न बघता ऑक्युपन्सीवर बोलणारा माणूस मला अर्धवट बोलतोय असंच वाटतं.

जेवणाच्या खर्चावर आम्ही बारीक नजर ठेवतो. बहुतेक सगळं बाहेरून येतं, ताजा मासा सोडून. जेट्टीवर मासा उतरतो तो बर्फात. आमच्याकडे तेव्हा नवीनच लागलेली एक मुलगी दोन बिलं शेजारी ठेवून बसली होती. "ताई, ट्यूना घेतला एवढे किलो, आणि किचनने साफ करून घेतला त्यात एवढी घट? मागच्या महिन्यात इतकी नव्हती." आम्ही काट्याचा फोटो मागवला. क्रेट बर्फासकट काट्यावर होतं. त्या दिवसापासून त्या रिसॉर्टमध्ये मासा बर्फातून काढून, निथळून मगच त्याचं वजन होतं, आणि रोज काट्याचा फोटो बडोद्याला येतो. बडोद्याच्या मुलीला शेकडो मैलांवरून हे दिसलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

२०२० साली २७ मार्चला मालदीवने पर्यटकांसाठी दार बंद केलं, ते १५ जुलैला उघडलं. आमचे ग्राहक एकामागून एक म्हणाले, विक्रीच नाही तर हिशेब कसला? फीही थांबली. वहिनी म्हणाल्या, "अगं, विक्री नाही, पण खर्च तर चालू आहे ना? तोच लिहू की." त्यांचं ते वाक्य आमच्या धंद्याला वळण देऊन गेलं.

बेट बंद ठेवलं तरी जनरेटर बंद करता येत नाही. खोल्यांचं एसी आलटून पालटून चालवावं लागतं, नाहीतर खाऱ्या दमट हवेत गाद्यांना, पडद्यांना बुरशी धरते. पाण्यावरच्या व्हिलांच्या लाकडाची देखभाल थांबली की ते कुजतं. कोल्डरूममध्ये माल आहे. सांडपाण्याचा प्लांट काही दिवस उपाशी राहिला तर त्यातले जिवाणू मरतात आणि तो पुन्हा उभा करायला वेळ लागतो. अडकलेले कर्मचारी आहेत, त्यांचं जेवण आहे. आम्ही त्या महिन्यांचा खर्च एकेका ओळीने मांडला: डिझेल किती, कुठल्या जनरेटरवर, कुठल्या वीजवाहिनीला, किती माणसांच्या जेवणाला. हे काम आम्ही फीशिवाय केलं. त्या वर्षी मालदीवला साडेपाच लाखांच्या आसपास पर्यटक आले, आदल्या वर्षी १७ लाख होते. पाहुणे नसलेल्या बेटाचा खर्च आयुष्यात पुन्हा कधी इतका स्वच्छ दिसेल असं वाटत नाही. ग्राहक परत आले तेव्हा आमच्याकडे त्यांच्या बेटाचा पायाभूत खर्च तयार होता. मे-जूनच्या मंदीत कुठला दर परवडतो आणि कुठल्या दराला नाही म्हणावं, हे त्यावरून ठरायला लागलं.

तेव्हापासून पाणी आणि डिझेल एकाच पानावर येतं. समुद्राचं एक हजार लिटर पाणी गोडं करायला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते, आणि जनरेटर एका लिटर डिझेलमध्ये साधारण साडेतीन युनिट देतो. म्हणजे हजार लिटर पाण्यामागे जवळजवळ लिटरभर डिझेल, जुना प्लांट असेल तर जास्त. कर्मचाऱ्यांच्या वस्तीत गळका नळ असला तर तो डिझेल गळत असतो, असं आमच्या मुली मेंटेनन्सच्या माणसांना फोनवर सांगतात.

रमजानचंही सांगायला हवं. तिथल्या कायद्याने मुस्लिम कर्मचाऱ्याला रमजानचा भत्ता द्यावा लागतो, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मागच्या वर्षीच्या मार्चशी या वर्षीचा मार्च नुसता ताडून पाहिला तर पगाराची ओळ उगाच फुगलेली किंवा घटलेली दिसते. आम्ही तो भत्ता बारा महिन्यांत वाटून दाखवतो.

२०२४ आमच्यासाठी कसोटीचं होतं. जानेवारीत सोशल मीडियावर भारत-मालदीव वाद पेटला. २०२३ मध्ये दोन लाखांहून जास्त भारतीय तिथे गेले होते, २०२४ मध्ये ते एक लाख तीस हजारांवर आले. इथले नातेवाईक विचारायचे, तुमचं काम राहणार का? एका मालकाला मी सरळ विचारलं. तो म्हणाला, "रिटर्नची तारीख बदलली का? नाही ना? मग काम चालू ठेवा." त्याच वर्षी एकूण पर्यटक २० लाखांच्या वर गेले, पहिल्या क्रमांकावर चीन होता. काही रिसॉर्टांच्या खोल्या भरल्या, पण राहण्याचे दिवस आणि बारची विक्री वेगळी झाली. ज्यांनी देशवार पान ठेवलं होतं त्यांना ते लगेच कळलं.

आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी बडोद्याची विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून शहरात आली. सयाजीगंजला खाली पाणी, वीज नाही. मालदीवच्या जीएसटीचं रिटर्न पुढच्या महिन्याच्या २८ तारखेपर्यंत भरायचं असतं, म्हणजे जुलैचं रिटर्न २८ ऑगस्टला, नेमकं पुराच्या मध्यावर. आमच्याकडे रिटर्न २४ ला तयार ठेवायची शिस्त आहे. दांडिया बाजारच्या माडीवर वहिनींनी लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर लावला, मालकांच्या मंजुऱ्या फोनवर घेतल्या आणि सगळी रिटर्न वेळेत गेली. शेजारच्या काकूंनी चार्जिंगसाठी आपला इन्व्हर्टर दिला.

हॉटेलांच्या हिशेबाची जगभर मानली जाणारी एक पद्धत आहे, न्यूयॉर्कच्या हॉटेलवाल्यांनी १९२६ मध्ये घालून दिलेली. तिची बारावी आवृत्ती जानेवारी २०२६ पासून लागू झाली आणि त्यात वीज, पाणी आणि कचरा यांचं स्वतंत्र परिशिष्ट आहे. आमची पानं त्याच्या जवळपासच होती, म्हणून बदल करणं सोपं गेलं. सध्या एका मालकाला कर्मचाऱ्यांच्या वस्तीच्या छपरावर सोलर लावायचं आहे. बँकेने त्याच्याकडे डिझेलचा महिनावार हिशेब मागितला, तो आम्ही २०२० पासूनचा काढून दिला. दुपारचा भार किती आणि पाण्याचा प्लांट रात्रीऐवजी दिवसा चालवला तर किती डिझेल वाचेल, ते पान या आठवड्यात जाईल.