अंधूक तारा बघायचा तर नजर बाजूला ठेवा

आकाशदर्शनाला पहिल्यांदा आलेला माणूस गाडीतून उतरतो, मान वर करतो आणि दोन मिनिटांत विचारतो, "एवढेच तारे?" त्याचं चुकत नाही, त्याला खरंच तेवढेच दिसत असतात. मुंबईहून वांगणीला जा नाहीतर आणखी आत, आभाळ कितीही काळं असो, पहिला अर्धा तास डोळेच तयार नसतात.

बाहुली काही सेकंदांत मोठी होते. भर उजेडात २ मिलिमीटर असते, ती अंधारात तरुणपणी ७ पर्यंत जाते, पन्नाशीनंतर बऱ्याच जणांची ५ वरच अडते. म्हणजे फार तर दहा-बारा पट जास्त उजेड आत आला. खरं काम दृष्टिपटलावर होतं. तिथल्या शंक्वाकार पेशी रंग ओळखतात. त्या आठ-दहा मिनिटांत अंधाराला सरावतात आणि त्यापुढे त्यांची मजल जात नाही. मंद उजेडाच्या दंडाकार पेशींमधलं ऱ्होडॉप्सिन, म्हणजे उजेड टिपणारं रंगद्रव्य, मात्र उजेडाने विटलेलं असतं. ते पुन्हा तयार व्हायला ३० ते ४० मिनिटं लागतात. दहाव्या मिनिटाला "आता दिसायला लागलं" असं वाटतं, ते शंक्वाकार पेशींपुरतंच. बरेच जण नेमके तेव्हाच मोबाइल काढतात.

या मोबाइलवरच्या ताऱ्यांच्या अ‍ॅपइतका आकाशदर्शनाचा घात दुसऱ्या कशाने होत नसेल. लाल मोड लावला तरी पडद्याचा काळा भाग पुरता काळा नसतो, आणि मध्येच एखादा मेसेज पांढराफेक उगवतोच. कागदी नकाशा आणि टॉर्च बरी. टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर द्या, वर रबरबँड. दंडपेशींना सर्वांत जास्त कळतो तो ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळसर हिरवा उजेड. ६४० च्या पुढचा लाल त्यांना जवळजवळ कळतच नाही. पण लाल आहे म्हणून भगभगीत चालेल असं नाही. नकाशा जेमतेम वाचता आला, की बास. रस्त्यावरून गाडी आलीच तर दुर्बिणीला लावायचा डोळा घट्ट मिटून घ्या, निदान तो तरी वाचतो.

आता मुख्य गोष्ट. आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, ते दृष्टिपटलाच्या मधल्या खळग्याने. तिथे दंडपेशी नाहीतच. हात लांब करून अंगठा धरला तर त्याची रुंदी साधारण २ अंश भरते. हा आंधळा पट्टा त्याहून थोडा लहान. दिवसा जिथे सर्वांत स्पष्ट दिसतं, रात्री नेमकं तिथेच काही दिसत नाही. म्हणून कडेला लुकलुकणारा तारा "कुठे?" म्हणून थेट बघायला जावं तर गायब होतो.

देवयानी दीर्घिकेवर, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या दुसऱ्या प्रचंड समूहावर, हे करून बघा. नोव्हेंबरात रात्री नऊ-साडेनऊला ती डोक्यावरून थोडी उत्तरेला असते. भाद्रपदांच्या मोठ्या चौकोनाचा ईशान्येकडचा तारा धरा. तिथून देवयानीच्या रांगेत एक तारा सोडून दुसरा, तो ठळक आहे. तिथे वळून शर्मिष्ठेच्या, म्हणजे इंग्रजी M सारख्या दिसणाऱ्या तारकासमूहाच्या, दिशेने दोन अंधूक तारे मोजा. दुसऱ्याच्या शेजारी ती आहे. आधी ठळक मग अंधूक, अरुंधती दाखवण्याची जुनी रीत हीच. आता तिच्यावरून नजर साधारण १० अंश बाजूला न्या, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढी, आणि लक्ष मात्र तिच्यावरच ठेवा. हे जमायला वेळ लागतो, कारण लक्ष जातं तिकडे नजर ओढली जाते. पाच-सहा सेकंद थांबलात की धुरकट लांबट डाग उमटतो. २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड आहे तो. डागात बारकावे मात्र शोधू नका. दंडपेशी मोठ्या संख्येने एकेका चेतातंतूशी जोडलेल्या असतात. उजेड गोळा होतो, तपशील जातो.

दुर्बिणीतून एका डोळ्याने बघताना एक खाच-खळगा आणखी आहे. प्रत्येक डोळ्याच्या नजरेत कानाच्या बाजूला सुमारे १५ अंशांवर अंधबिंदू असतो, पौर्णिमेचे दहा चंद्र ओळीने मावतील एवढा रुंद. वस्तू तिथे पडली तर असून नसल्यासारखी. म्हणून वस्तू नेहमी नाकाच्या बाजूला हवी: उजवा डोळा लावलाय तर तिच्या उजवीकडे बघा, डावा लावलाय तर डावीकडे. टक लावून एकाच जागी मात्र बघू नका. स्थिर नजरेत अंधूक गोष्टी विरून जातात, हे ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने १८०४ मध्येच नोंदवलंय. दुर्बिणीच्या नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. डाग हलला की लगेच कळतो.

डोळा पूर्ण सरावल्यावर किती थोड्या उजेडावर चालतो? १९४२ मध्ये हेक्ट, श्लेअर आणि पिरेन या शास्त्रज्ञांनी हे मोजलं. माणसांना आधी अंधारात बसवलं, मग नजरेच्या मध्यापासून २० अंशांवर एक सहस्रांश सेकंदाचा झोत दाखवला. दंडपेशींनी ५ ते १४ फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, शोषले की माणूस "दिसलं" म्हणतो, असं उत्तर आलं.

रंगाची अपेक्षा धरूनच लोक निराश होतात. फोटोत लालबुंद असलेला मृगातला तेजोमेघ दुर्बिणीत राखाडी दिसतो, फार तर किंचित हिरवट, कारण दंडपेशींना रंग कळत नाही. रोहिणी किंवा मृगातला काक्षी हे तारे तांबूस दिसतात ते इतके ठळक आहेत म्हणून.

आणि "तो बघा, तो तारा हलतोय!" हे दर रात्री एकदा तरी ऐकू येतंच. मोकळ्या काळ्या आभाळात एकाच ठिपक्याकडे टक लावली की तो तरंगायला लागतो. आजूबाजूला टेकू नसल्याने ठिपका हलला की डोळा, हे मेंदूला ठरवता येत नाही. हम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञासारख्या निरीक्षकालासुद्धा तारे खरंच डोलतात असं वाटलं होतं. झाडाखाली जाऊन तो तारा फांदीच्या टोकाला टेकवून धरा आणि मान न हलवता मिनिटभर बघा. उपग्रह असेल तर फांदी ओलांडून कधीच पुढे गेलेला असेल.